बुचाचे झाड : नाव, गाव आणि अंगण

बूच म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे बाटलीच्या तोंडाला बसविलेले दट्ट्यासारखे बूच उभे राहते. त्याच नावाचे एक उंच, सरळ, पांढऱ्या सुवासिक फुलांचे झाड आपल्या वऱ्हाडात जुन्या आवारांतून, कचेऱ्यांच्या आणि शाळांच्या कुंपणाकडेला उभे आहे, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. सकाळी झाडाखाली फुलांचा सडा पडलेला असतो, मुली तो वेचून वेण्या करतात, आणि तरीही झाडाचे नाव विचारले तर कोणी त्याला निंब म्हणतो, कोणी जाई म्हणतो, कोणी नुसतेच 'ते फुलाचे झाड' म्हणून मोकळा होतो.

धर्मग्रामातील कुटुंबांच्या भेटीगाठी घेत असता अलीकडे एक प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो. मातीचे घर जाऊन त्या जागी सिमेंटचे घर उभे करावयाचे असते. अंगणात आजोबांच्या वेळचे झाड असते. थोरला मुलगा म्हणतो, पाडून टाकू. आजी म्हणते, माझ्या डोळ्यांदेखत नको. दोघांनाही झाडाचे नाव ठाऊक नसते, आणि नाव ठाऊक नसल्यामुळे दोघांच्याही म्हणण्याला आधार नसतो. झाड कोणते आहे, ते कोठून आले, त्याचा स्वभाव काय आणि आपल्या अंगणाला ते मानवेल की नाही, या चार गोष्टी कळल्याशिवाय ना ते पाडण्याचा निर्णय शहाणपणाचा ठरतो, ना ते राखण्याचा. बार्शीटाकळीसारख्या गावातील कुटुंबांना तो निर्णय सोपा व्हावा एवढ्याच हेतूने बुचाच्या झाडाची ही हकिकत येथे मांडीत आहोत.

बार्शीटाकळी हे गाव अकोल्याच्या आग्नेयेस, थोड्या अंतरावर आहे. इतिहासाच्या अभ्यासकांना ते परिचित आहे ते तेथील हेमाडपंती देवळामुळे आणि शके १०९८, म्हणजे इसवी सन ११७६ च्या सुमाराच्या संस्कृत शिलालेखामुळे. दगडावर कोरलेले अक्षर आठशे वर्षांनंतरही वाचता येते, आणि त्यावरून त्या काळी येथे कोण राज्य करीत होते याचा शोध घेता येतो. झाडाचे तसे नसते. झाड लावणारा आपले नाव कोरून ठेवीत नाही. झाडाचा इतिहास वाचावयाचा तर त्याची साल, पान, फूल आणि त्याला लोकांनी दिलेली नावे हेच आपले शिलालेख. त्यांची लिपी अवघड नाही. थोडी सवय करून घ्यावी लागते, इतकेच.

प्रथम ओळख. बुचाचे झाड ताडमाड उंच वाढते. साठ ते ऐंशी फूट ही त्याची नेहमीची उंची. वडासारखा किंवा गुलमोहरासारखा त्याचा विस्तार आडवा होत नाही. शेंडा निमुळता, फांद्या खाली झुकलेल्या, आणि एकंदर घेर पंचवीस ते पस्तीस फुटांचा. खोडाची साल पिवळसर करड्या रंगाची, उभ्या-आडव्या भेगांनी फुटलेली आणि हाताला मऊ लागणारी असते. अंगठ्याचे नख दाबले तर ते सालीत रुतते. ही एकच खूण ध्यानात ठेवली तरी निम्मे काम झाले.

पान पाहिले की पुष्कळांची फसगत होते. लांबून ते निंबासारखे दिसते. म्हणूनच हिंदीभाषक या झाडाला आकाशनीम किंवा नीमचमेली म्हणतात. परंतु कडुनिंबाच्या पानात एका देठावर दोन्ही बाजूंस पर्णिका असतात, त्या कोयत्यासारख्या किंचित वाकड्या असतात आणि त्यांच्या कडांना करवतीसारखे दाते असतात. बुचाच्या पानात मुख्य देठाला पुन्हा देठ फुटतात, कधी त्यांनाही तिसऱ्यांदा देठ फुटतात, आणि मग त्यांवर पर्णिका येतात. शिवाय बुचाच्या पानाला निंबाचा कडवटपणा नाही. बकाणा निंबाचे पानही असे दोनदा विभागलेले असते. पण बकाण्याची फुले फिकट जांभळी, आणि त्याला पुढे पिवळ्या गोल फळांचे घोस लागतात, जे पानगळीनंतरही झाडावर लोंबत राहतात. बुचाला तसली फळे कधीच लागत नाहीत.

फुलाविषयी तर शंकेला जागाच उरत नाही. दोन-तीन इंच लांब, बारीक, पांढरी नळी. टोकाशी तिचे भाग होऊन झालेली लहानशी चांदणी. नळीत चार पुंकेसर. फुलांचे मोठे घोस फांद्यांच्या टोकांना येतात. म्हणूनच कोणी या झाडाला लटकचांदणी म्हणतात, तर कोणी गगनजाई. फूल रात्री उमलते, त्याचा सुवास अंधारात लांबवर जातो, आणि पहाटेस ते गळून पडते. पारिजातकही पहाटे गळतो, पण त्याच्या फुलाचा देठ शेंदरी आणि झाड ठेंगणे. बुचाचे फूल देठापासून टोकापर्यंत पांढरे. पावसाळा सरत आला की बहर सुरू होतो व हिवाळ्याच्या आरंभापर्यंत चालतो; काही ठिकाणी उन्हाळ्यातही थोडा बहर येतो. लांब देठांमुळे ही फुले सुईदोऱ्यावाचून एकमेकांत गुंफता येतात. अशा बिनदोऱ्याच्या वेण्या करण्याची कला महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांच्या मुलींनी शाळेच्या आवारातच आत्मसात केली आहे.

आता नावाचा इतिहास पाहू. 'बूच' हा शब्द मूळ मराठी नव्हे. पोर्तुगीज भाषेत भोक बुजविण्याच्या बोळ्याला किंवा दट्ट्याला 'बुशा' म्हणतात. त्यावरून हा शब्द पश्चिम किनाऱ्यावरील आपल्या भाषांत आला, असे भाषेचे अभ्यासक मानतात. चावी, बटाटा, पाव, साबण अशा शब्दांच्या पंगतीतच त्याला बसविले पाहिजे. आशियाई भाषांत शिरलेल्या अशा पोर्तुगीज शब्दांचा मोठा कोश गोव्याचे विद्वान धर्मगुरू मोन्सिन्योर सेबास्तियाव रुदोल्फ दाल्गाद (१८५५–१९२२) यांनी सिद्ध केला आणि तो १९१३ साली प्रसिद्ध झाला. पोर्तुगालमध्ये खरे बूच ज्या झाडापासून निघते तो ओक जातीचा वृक्ष. त्याची जाड साल साधारण नऊ-नऊ वर्षांनी सोलून काढतात, आणि झाड न मरता पुन्हा साल धरते. आपल्या झाडाचा त्या वृक्षाशी काडीचाही संबंध नाही. याची साल मऊ व भुसभुशीत असल्यामुळे तिच्यापासून हलक्या प्रतीची बुचे करीत, आणि त्या उपयोगावरून झाडालाच बूच हे नाव चिकटले. पूर्वेकडील झाड, पश्चिमेकडील शब्द, आणि दोहोंची गाठ आपल्या बोलीत पडली, असा हा योग आहे.

झाडाचे मूळ घर म्हणजे ब्रह्मदेश आणि त्यापलीकडील आग्नेय आशियाचा प्रदेश. भारतात ते बागेतील झाड म्हणून पसरले, आणि त्याची साक्ष त्याच्या शास्त्रीय नावातच आहे. 'मिलिंगटोनिया हॉर्टेन्सिस' हे ते नाव. यातील दुसऱ्या पदाचा लॅटिन अर्थ 'बागेतील' असा आहे. म्हणजे ज्या युरोपीय शास्त्रज्ञाने त्याचे बारसे केले त्याच्यापुढे हे झाड रानातले म्हणून नव्हे, तर बागेतले म्हणूनच आले होते. हे बारसे करणारा शास्त्रज्ञ म्हणजे विख्यात कार्ल लिनियसचा त्याच नावाचा पुत्र (१७४१–१७८३). १७८१-८२ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने हे नाव दिले. पुढे कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांनी याच झाडाला 'बिग्नोनिया सुबेरोसा' असे वेगळे नाव दिले. 'सुबेरोसा' म्हणजे बुचासारख्या सालीचा. विलायती पंडित आणि आपल्याकडील सामान्य माणूस, दोघांचीही दृष्टी एकाच खुणेवर स्थिरावली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. शास्त्राच्या नियमानुसार आधीचे नाव टिकले आणि रॉक्सबर्ग यांचे मागे पडले.

मिलिंगटन कोण, हे कळले म्हणजे या नावातील गंमत उलगडते. सर टॉमस मिलिंगटन (१६२८–१७०४) हे इंग्लंडमधील वैद्य आणि ऑक्सफर्ड विद्यापीठातील प्राध्यापक. फुलातील पुंकेसर केवळ शोभेसाठी नसून ते वनस्पतीचे नर-अवयव होत, ही कल्पना त्यांनी नेहेमाया ग्रू या शास्त्रज्ञाजवळ बोलून दाखविली, असे ग्रू याने स्वतःच १६८२ सालच्या आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. पुढे १६९४ साली ट्यूबिंगेन येथील कामेरारिउस याने प्रयोग करून ही गोष्ट सिद्ध केली. वनस्पतींनाही नर-मादी असे भेद असतात आणि परागावाचून फळ धरत नाही, हे आज शाळेतील मूलही सांगते. परंतु ते सांगण्याचा पहिला मान ज्यांना दिला जातो त्यांत मिलिंगटन येतात.

आणि त्यांच्याच नावाच्या या झाडाला आपल्याकडे फळ क्वचितच धरते! झाड बहरते, सुगंधाने आसमंत भरून टाकते, सडा पाडते, पण शेंग दिसत नाही. शेंग धरलीच तर ती फूटभर लांब, चपटी, दोन्ही टोकांना निमुळती असते आणि तिच्या आत पातळ पंखांच्या बिया असतात. असे का व्हावे याची उपपत्ती अशी देतात की या झाडाला स्वतःच्याच परागाने फळ धरत नाही. दुसऱ्या, वेगळ्या कुळीच्या झाडाचा पराग यावा लागतो. आपल्याकडील झाडे मात्र बहुधा मुळांपासून फुटलेल्या धुमाऱ्यांपासून वाढविलेली, म्हणजे एकाच झाडाच्या जणू प्रती. शेजारी शंभर झाडे असली तरी ती सारी एकच व्यक्ती. लांब नळीची, पांढरी, रात्री दरवळणारी फुले ही निसर्गतः लांब सोंडेच्या रात्रिंचर पतंगांसाठी असतात. तो पतंग आला तरी एकाच कुळीचा पराग इकडून तिकडे नेऊन काय उपयोग?

इतिहासाच्या दृष्टीने या गोष्टीला मोठा अर्थ आहे. आंबा, चिंच, निंब यांची बी पाखरू टाकून जाते, गुराच्या शेणातून पडते, वाटसरू फेकून देतो. झाड आपोआप उगवते. बुचाचे तसे होत नाही. वऱ्हाडात जेथे जेथे बूच उभे आहे तेथे तेथे बहुधा कोणीतरी माणसाने दुसऱ्या कोणाच्या आवारातून धुमारा मागून आणलेला आहे, खड्डा खणलेला आहे आणि पहिले दोन उन्हाळे त्याला पाणी घातलेले आहे. या झाडाची वंशावळ ही खऱ्या अर्थाने माणसांच्या ओळखीपाळखीची वंशावळ आहे.

वऱ्हाडात अशी आवारे कोणत्या काळी वाढली, हेही पाहण्यासारखे आहे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. १८६७ पर्यंत मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाडातून नागपूरपर्यंत जाऊन पोहोचला, आणि कापसाच्या व्यापाराने अकोल्याचे रूप पालटले. कचेऱ्या, डाकबंगले, रेल्वेच्या वसाहती, जिनिंग कारखाने, शाळा यांना मोठमोठी आवारे लाभली. आवार आले की सावली हवी, आणि साहेबी रिवाजाप्रमाणे फूलही हवे. आपल्या मिशनची ठाणीही याच काळात विदर्भात स्थिरावली. संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या संघाचे मिशनरी १८४५ साली भारतात आले. १८८७ साली नागपूर धर्मप्रांत स्थापन झाला, आणि त्यातूनच १९५५ साली अमरावती धर्मप्रांत वेगळा झाला. उंच वाढणारी, लवकर फुलणारी, आडवी जागा न अडविणारी झाडे अशा आवारांना सोयीची होती. बूच या तिन्ही कसोट्यांना उतरते; सहा ते आठ वर्षांत ते भराला येते. मात्र त्याचे आयुष्यही बेताचे, साधारण चाळीस वर्षांचे मानले जाते. निर्णय घेताना ही गोष्ट विसरता कामा नये.

झाडे ओळखण्याच्या या विद्येत आपल्या धर्मगुरूंचा वाटा मोठा आहे, तोही येथे सांगितला पाहिजे. बूच ज्या कुळातील आहे त्या कुळाचे नावच मुळी एका धर्मगुरूवरून पडले आहे. फ्रान्समधील आबे झाँ-पॉल बिग्नों (१६६२–१७४३) हे ऑरेटोरियन संघाचे धर्मगुरू, प्रवचनकार आणि पुढे राजग्रंथालयाचे प्रमुख. तूर्नफोर या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांच्या सन्मानार्थ 'बिग्नोनिया' हे नाव योजिले, आणि त्यावरून सारे कूळ ओळखले जाऊ लागले. आपल्या वैद्यकातील दशमुळांपैकी टेटू आणि पाडळ ही दोन्ही झाडे याच कुळातील; बागेतील नीलमोहरही याच कुळातील. म्हणजे परदेशी बूच हे आपल्या रानच्या टेटूचे नात्यातलेच. पांढऱ्या चाफ्याचे 'प्लुमेरिया' हे नावही असेच शार्ल प्लुमिए (१६४६–१७०४) या मिनिम संघाच्या फ्रेंच संन्याशावरून आलेले आहे. त्यांनी वेस्ट इंडीजच्या तीन सफरी करून तेथील वनस्पतींची चित्रे व वर्णने जमविली.

आपल्या महाराष्ट्रात फादर एथेलबर्ट ब्लॅटर (१८७७–१९३४) या स्विस येशूसंघीय धर्मगुरूंनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात वाळविलेल्या वनस्पतींचा जो संग्रह उभारला तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. भारतातील सुंदर वृक्षांवर त्यांनी मिलर्ड यांच्यासह लिहिलेले पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९३७ साली निघाले. त्यांचाच वारसा चालविला तो स्पेनहून आलेल्या फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव (१९०३–१९७०) यांनी. खंडाळा आणि पुरंदर परिसरातील वनस्पतींचा त्यांनी अभ्यास केला, १९६० च्या दशकात ते भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले, आणि १९६६ साली नॅशनल बुक ट्रस्टसाठी त्यांनी आपल्या नेहमीच्या झाडांवर सामान्य वाचकांसाठी पुस्तक लिहिले. संचालकपदावर पोहोचलेल्या शास्त्रज्ञाने रस्त्याकडेच्या झाडांची ओळख सर्वसामान्यांना करून द्यावी, यातच त्या विद्येचे खरे प्रयोजन दिसते. ती घरोघर पोहोचावयाची आहे.

येथवर ओळख झाली. आता अंगणाचा विचार. झाड चांगले की वाईट, असा प्रश्न नसतो. ते या जागी योग्य की अयोग्य, असा असतो.

पहिला मुद्दा जमिनीचा. बार्शीटाकळीची काळी कसदार जमीन कापसाला आणि तुरीला वरदान आहे. ती पाणी धरून ठेवते. पण पावसाळ्यात ती फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. वैशाखात हातभर खोल भेगा पडलेले वावर कोणी पाहिले नाही? घराच्या पायाखालीही हीच जमीन असते. मोठे झाड पायाजवळ असले की त्याची मुळे उन्हाळ्यात तेथील ओल शोषतात, जमीन एका बाजूने अधिक आक्रसते, आणि भिंतीला तिरकस तडा जातो. म्हणून अशा जमिनीत मोठे झाड घरापासून त्याच्या पूर्ण उंचीएवढे दूर असावे, असा ठोकताळा जाणकार सांगतात. साठ फूट उंचीच्या झाडाला साठ फूट अंतर! गावातील आजच्या घरांच्या आवारात एवढी जागा कोठून मिळणार?

दुसरा मुद्दा वाऱ्याचा. बुचाचे लाकूड मऊ आणि ठिसूळ. मुळे फार खोल जात नाहीत. मे महिन्याच्या अखेरीस आणि मृगाच्या तोंडी वऱ्हाडात जी वादळे येतात ती टिनपत्रे उडवून नेतात. अशा वादळात बुचाची फांदी काडीसारखी मोडते, आणि ओल्या जमिनीत झाडच्या झाड मुळासकट आडवे होते. खाली अंगणात मोकळी जागा असली तर हरकत नाही. पण खाली छप्पर, विजेची तार किंवा निजलेली मुले असली तर तो जिवाशी खेळ होय. वय झालेल्या, खोड पोखरलेल्या झाडाविषयी तर अधिकच सावध राहिले पाहिजे.

तिसरा मुद्दा धुमाऱ्यांचा. झाडाच्या मुळांपासून दूरदूर धुमारे फुटतात. फरशीच्या फटीतून, न्हाणीच्या कडेने, विहिरीच्या कठड्याजवळून ते वर येतात. झाड तोडले तर ते अधिकच जोमाने फुटतात. ज्याला झाड नको आहे त्याला हा त्रास. ज्याला हवे आहे त्याला ही देणगी.

चौथा मुद्दा पाण्याचा आणि उन्हाचा. अकोल्याचा उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो, आणि पाऊस वर्षाकाठी सरासरी सातशे-आठशे मिलिमीटर. मोठे झालेले बूच हा उन्हाळा काढते. लहान रोपाला मात्र पहिली दोन-तीन वर्षे पाणी द्यावेच लागते. सावली म्हणाल तर ती उंचावरची आणि विरळ. निंबाखाली जशी दुपारी बाज टाकता येते तशी बुचाखाली टाकता येत नाही. ज्याला सावलीसाठीच झाड हवे त्याने निंबच लावावा.

या साऱ्याचा निष्कर्ष आमच्या मते असा निघतो. नवे झाड लावावयाचे असेल आणि अंगण चाळीस-पन्नास फुटांहून लहान असेल, तर बूच लावू नये. त्याऐवजी बहावा लावावा. तो आपल्याच रानचा, कोरडा उन्हाळा सोसणारा, उंचीने मध्यम, आणि ऐन वैशाखात पिवळ्या झुंबरांनी डवरणारा. जागा त्याहूनही लहान असेल तर पारिजातक, कांचन किंवा पांढरा चाफा. चाफ्याच्या बुंध्याशी पाणी साचू देऊ नये, एवढे जपावे. गुलमोहराचा मोह पुष्कळांना होतो. मादागास्करहून आलेले ते झाड देखणे खरेच; परंतु त्याची मुळे जमिनीलगत पसरून ओटे उचलतात आणि फांद्याही ठिसूळ असतात. घरालगत तेही नको.

अंगणात बूच आधीच उभे असेल तर मात्र घाई करू नये. झाड घरापासून पुरेसे दूर आहे, खोड भरीव आहे, एका बाजूला कललेले नाही, बुंध्याशी भुंगा किंवा वाळवी नाही, अशी खात्री पटली तर वाळक्या व छपरावर आलेल्या फांद्या पावसाळ्यापूर्वी जाणत्या माणसाकडून उतरवून घ्याव्यात आणि झाड राखावे. फळ देत नाही, लाकूड कामाचे नाही, ही झाड पाडण्याची कारणे होऊ शकत नाहीत. अंजिराच्या निष्फळ झाडासाठी आणखी एक वर्षाची मुदत मागणारा शुभवर्तमानातील माळी आपल्या परिचयाचा आहे. त्याने केवळ मुदत मागितली नाही, खणण्याचे आणि खत घालण्याचे काम अंगावर घेतले. झाड राखा म्हणणाऱ्या प्रत्येकाने तेवढे काम अंगावर घ्यावयास हवे. उलट, खोड पोकळ झाले असेल, झाड घरावर कलले असेल, तर आठवणींखातर कुटुंबाचा जीव धोक्यात घालणे हे झाडावरचे प्रेम नव्हे.

पाडावयाचे ठरले तरी कुऱ्हाड उचलण्यापूर्वी कायदा पाहावा. शहरी भागासाठी १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा व जतनाचा महाराष्ट्र अधिनियम आहे. त्यान्वये आपल्या स्वतःच्या आवारातील झाड तोडण्यासही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१ साली त्यात सुधारणा होऊन पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना 'हेरिटेज' वृक्ष म्हणून अधिक संरक्षण मिळाले. अर्जात झाडाचे नाव लिहावे लागते. तेथे 'फुलाचे झाड' लिहून चालत नाही.

आणखी एक गोष्ट आजी आणि थोरला मुलगा या दोघांनाही मान्य होईल अशी आहे. पावसाळ्याच्या आरंभी बुचाच्या मुळांपासून फुटलेला हातभर उंचीचा धुमारा मुळांसह अलगद खणून काढावा. वावराच्या धुऱ्यावर किंवा दफनभूमीच्या कडेला, जेथे वर तार नाही आणि जवळ भिंत नाही, अशा ठिकाणी तो लावावा व दोन उन्हाळे त्याला पाणी घालावे. हे झाड बियांपासून वाढलेले वेगळे झाड नसते. आजोबांनी लावलेले तेच झाड असते, जागा तेवढी बदललेली. ते सहा-आठ वर्षांत फुलू लागते. घर सुरक्षित राहते, आणि आजोबांच्या झाडाची फुले नातवंडांनाही वेचता येतात. मग जुने झाड पाडावे लागले तरी घरात कोणाचे मन मोडत नाही.